पाच नंबरच्या बाजूला

आइस हॉकीच्या सामन्याचं दुसरं सत्र संपत आलं तरी ऑरेस्ट वासिलिकच्या वहीत पाच नंबरपुढे एक अक्षरही उमटलं नव्हतं.

"झोप लागली काय रे?" शेजारी बसलेल्या गॉर्डने कोपराने ढोसलं. ऑरेस्टसारखाच गॉर्डही पोरं हेरायचा, पण दुसऱ्या एका संघासाठी. गेले वीस हिवाळे दोघं कॅनडातल्या सस्काचवानच्या याच गावांमधून, अशाच गारढोण बाकांवर मांडीला मांडी लावून बसत आले होते.

"बघतोय."

"काय बघतोयस? त्या पोराच्या बाजूला काही घडतच नाही."

"तेच तर."

ऑरेस्टला नेमकं तेच उमगत नव्हतं. पाच नंबरचा, सतरा वर्षांचा कोल्बी फ्रीझन बचावाला होता, डाव्या बाजूला. समोरचे आडदांड गडी त्याच्या अंगावर चाल करून यायचे आणि कसे कोण जाणे, कुंपणाच्या कडेला जाऊन अडकायचे. धडक नाही, आदळआपट नाही. कोल्बी पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, काढून घ्यायचा, जवळच्या गड्याकडे सरकवायचा आणि मोकळा व्हायचा. पोरगं फार हुशार होतं, की आजवर त्याची गाठच तोलामोलाच्या कुणाशी पडली नव्हती? चौथ्यांदा बघत होता ऑरेस्ट. दर वेळी घरी जाताना वेगळं वाटायचं. एकसष्टाव्या वर्षी आपली नजर तर अधू होत नाही ना, ही शंका त्याने बायकोलाही बोलून दाखवली नव्हती.

एक गोष्ट मात्र चारही वेळा दिसली होती. पक आणायला मागे वळण्याआधी कोल्बी डाव्या खांद्यावरून बघायचा. एकदा नाही, दोनदा. चांगल्या बचावपटूची खूणच ती. पण आज गोलरक्षक डावीकडून दोनदा ओरडला, "मागे आहे, मागे!" आणि कोल्बीची मान हलली नाही. ती हलली तिच्या ठरलेल्या वेळी.

सामना संपल्यावर कोल्बी ओल्या केसांनी कँटीनपाशी ग्रेव्ही घातलेल्या बटाट्याच्या फोडी खात उभा होता. ऑरेस्ट त्याच्या डाव्या अंगाला गेला आणि हळूच म्हणाला, "चांगला खेळलास." पोरगं खात राहिलं. ऑरेस्ट वळसा घालून उजवीकडे आला आणि तेच पुन्हा म्हणाला.

"थँक यू, सर," कोल्बी लगेच म्हणाला. मग त्याने ऑरेस्टच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातला काटा खाली ठेवला.

तेवढ्यात कोल्बीची आई मार्ला आली. त्या बर्फाच्या रिंकच्या ऑफिसात ती तिकिटं फाडायची. ऑरेस्टने घातलेला वळसा तिने बघितला होता. तिने त्याला बाजूला घेतलं.

"कळलं ना तुम्हाला?"

"डावा कान?"

"चार वर्षांचा असताना ताप आला होता. कोचला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही." ती अंगातल्या कोटाचं एकच बटण लावत होती, सोडत होती. "लिहू नका हो. एवढं करा माझ्यासाठी. त्या एका ओळीपायी कुणी पुढचं वाचणारच नाही."

"बाई, माझं कामच ते आहे. दिसलं ते लिहायचं."

"मग त्याने त्यावर काय तोड काढलीय, ते नाही दिसलं?"

कोल्बी चार हातांवर उभा होता. त्याला ऐकू येत होतं की नाही, हे सांगता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आई, त्यांना जाऊ दे. बाहेर उणे बत्तीस आहे."

"बरं," ऑरेस्ट मार्लाला म्हणाला. "कानाचं मी कुणाला सांगत नाही."

शब्द तोंडातून गेला आणि गाडीत बसल्यावर तो त्याला जड व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याने अहवाल लिहायला घेतला. 'दोनदा मागे बघण्याची उत्तम सवय' असं लिहिलं. हे खरं होतं. पण ती सवय कशामुळे आहे ते ठाऊक असताना एवढंच लिहिणं खरं होतं का? त्याने ते खोडलं. कान लिहिला, तोही खोडला. बायकोने पुढ्यात ठेवलेले सारण भरलेले पेरोगी गार झाले. शेवटी त्याने लिहिलं: 'घेण्याजोगा आहे. काहीतरी आहे, मला नीट सांगता येत नाही.'

जूनमध्ये ड्राफ्ट होता. मोठ्या लीगचे संघ आळीपाळीने नव्या पोरांची नावं पुकारून त्यांना आपलंसं करतात, तो दिवस. चौथ्या फेरीच्या आधी ऑरेस्टचा साहेब लॉर्न याने ते पान पुढे ओढलं.

"काहीतरी म्हणजे काय?"

ऑरेस्ट पेनाचं टोपण लावू लागला.

"पायात काही? डोक्यात? दारू पितं का पोरगं?"

"नाही, तसलं काही नाही."

"मग बोल ना. सव्वीस वर्षं झाली तुला या कामात. असं वाक्य कधी लिहिलं नाहीस."

"चांगला आहे तो, लॉर्न. घे."

"घे म्हणतोस आणि सांगतही नाहीस." लॉर्नचा आवाज चढला नाही. त्याने पान उलटं करून ठेवलं. "माफ कर, पण असा आंधळा डाव मी खेळणार नाही."

पाचव्या फेरीत गॉर्डच्या संघाने कोल्बी फ्रीझनचं नाव पुकारलं.

ऑरेस्ट मागच्या बोळात पाणी प्यायला गेला, तर समोरून कोल्बीच आला. अंगात नवी कोरी जर्सी, बाह्या हातावरून खाली आलेल्या.

"सर, मला वाटलं होतं तुम्ही घ्याल."

"मलाही वाटलं होतं." ऑरेस्ट आपसूक त्याच्या उजवीकडे सरकला. "गॉर्डला माहीत आहे?"

"हो ना. मीच सांगितलं, मे महिन्यात. ते म्हणाले, त्यांच्या बायकोलाही एका कानाने ऐकू येत नाही आणि घरात सगळ्यांत आधी कुणाला काही कळत असेल तर तिलाच." कोल्बी हसला. मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्यामुळेच सांगितलं खरं तर. एका सामन्यात तुम्हाला कळलं, म्हणजे सगळ्यांना कळणारच."

"चार," ऑरेस्ट म्हणाला. "चार सामने लागले मला."

"तुम्ही लिहिलं होतंत का?"

"नाही. तुझ्या आईला शब्द दिला होता."

"अच्छा." कोल्बीने हे मनाशी लावून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समजल्याचंही काही दिसलं नाही. "पण मग मला का नाही विचारलंत?"

बोळाच्या टोकाकडून फोटोवाल्याने हाक मारली. कोल्बी आधी चुकीच्या बाजूला वळला, मग बरोबर बाजूला. त्याने ऑरेस्टचा हात हातात घेऊन नीट हलवला आणि गेला.

ऑरेस्ट टेबलाशी परतला. सहाव्या फेरीत त्यांची पाळी यायला सात मिनिटं होती. लॉर्नने उरलेल्या पोरांची यादी त्याच्यापुढे सरकवली. त्याच्या वागण्यात मघाचं काहीच नव्हतं, नेहमीसारखाच होता तो.

"सांग, यातलं कोण?"

ऑरेस्टने चष्मा लावला. तीन नावं वाचून झाली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की एकाचाही चेहरा डोळ्यांपुढे येत नाहीये. त्याने बोट पुन्हा पहिल्या नावावर ठेवलं आणि सावकाश वाचायला सुरुवात केली.