छत्तीस इंचांवरचा संशय

बोलते आहे ती मी, शिवणकामाची फीत. लोक मला ‘टेप’ म्हणतात. व्यवसायाने मला संशयी केले. माप देताना पोट आत ओढून धरणारी माणसे मी फार पाहिली आहेत.

माझी मालकीण आशाबाई कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर झंपर शिवत असे. २००२ च्या श्रावणात तिचे सासरे वसराम हिंगोलीच्या दवाखान्यातून घरी आले. दारूने यकृत खराब होऊन त्यांच्या पोटात पाणी साठले होते. डॉक्टरांनी सुईने ते काढले, लघवीच्या गोळ्या दिल्या, दारू आणि मीठ बंद केले. शिवाय बेंबीवरून पोटाचे माप रोज घ्यायला सांगितले. ते काम माझ्याकडे आले.

पहिल्या सकाळी छत्तीस इंच. आठव्या दिवशी साडेअडतीस.

“मामा, पुन्हा सुरू केली काय?” आशाबाईने विचारले.

“न्हाई गं पोरी. देवाशपथ.”

“श्वास सोडा बरं माझ्याकडं.”

त्यांनी सोडला. वास आला नाही.

“इलायची चघळली असंल,” दारातून तिचा नवरा उत्तमसिंग म्हणाला. “ते पिऊन राहिले असतील, तर मी आता दवाखान्यात नेणार न्हाई. किती बार न्यावं?”

त्यानंतर रोज माप, आणि मापानंतर तो श्वास. बाराव्या दिवशी मी चाळीस इंच दाखवले. म्हातारा बसल्याजागी धापा टाकत होता. त्या ताणलेल्या कातडीला बिलगूनही मी त्यांचे म्हणणे खरे मानले नाही. बाटली कुठे दडवली असेल, एवढाच विचार मी करीत होते.

त्याच सकाळी मला गळ्यात टाकून आशाबाई चुलीपाशी गेली. सासू भिकाबाई वसरामांच्या वरणात गुलाबीसर खडा कुटून टाकत होती.

“आत्याबाई, हे काय? मीठ बंद हाय ना?”

“मीठ कुठं हाय? शेंदेलोण हाय. उपासाला चालते की! ते घरी आले तवापासून हेच टाकून राहिले मी. अळणी घास त्यांच्या गळ्याखाली उतरत न्हाई.”

आशाबाईने उत्तमसिंगला हाक मारली. दुपारी जीप हिंगोलीत पोहोचली.

“शेंदेलोण म्हणजेही मीठच,” डॉक्टर म्हणाले. “पोटाला उपास कळत नाही.”

पुन्हा पाणी काढले. भिकाबाई रडू लागली, तेव्हा वसराम हळूच म्हणाले, “रडू नको. चव बराबर होती.”

घरी परतल्यावर माप छत्तीसवर आले. मी बाजूला होताच वसरामांनी, कुणी न विचारता, सुनेकडे तोंड करून श्वास सोडला.

“राहू द्या ना, मामा,” ती खाली मान घालून म्हणाली.

त्यांनी राहू दिले नाही. पुढे दोन वर्षे जगले, आणि रोज सकाळी मापानंतर तसाच श्वास सोडीत राहिले.

आता मी शिलाईयंत्राच्या खणात पडून आहे. छत्तीसचा आकडा बोटांनी झिजून पुसला गेला आहे. मला पुन्हा कुणाच्या पोटाभोवती गुंडाळाल, तर माप तेवढे घ्या. ते का वाढले, हे मला विचारू नका. एकदा मी ते मनाशी ठरवून बसले होते.