भावाचा उपास

आमच्या आक्काचा उपास माझ्या दोन घासांवर सुटतो, असं मी दुकानात मोठ्या तोऱ्यात सांगायचो. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. आक्का म्हणजे राहीबाई, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शिराळ्याला दिलेली. पंचमीला वारुळाची पूजा करून आली की ती मला मिरजेला फोन करायची. "मानसिंग, जेवलास का रं? तू दोन घास खा, मग मी सोडते." आई गेल्यापासून बावीस वर्षं यात खंड नव्हता.

मी टीव्ही-फ्रीजच्या दुकानात कामाला. हप्त्यावर माल खपवायचा, हे माझं काम. गिऱ्हाईक दारात घुटमळलं की याला परवडत नाही हे मी ओळखायचो, आणि नेमका त्यालाच मोठा फ्रीज गळ्यात घालायचो. महिन्याला हप्त्याच्या कर्जाच्या तीस फायली झाल्या नाहीत तर कमिशन बुडायचं. एका महिन्यात दोन कमी पडल्या. मी माझ्याच नावावर दोन फ्रीज उचलले आणि ओळखीच्यांना कमी भावात रोखीनं विकले. स्वतःला फार हुशार समजलो. मग ती सवयच लागली. हप्ते थकले तसं मोबाइलच्या अ‍ॅपवरून कर्ज काढलं, ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून. दुनियेला हप्ते समजावून सांगणारा मी नऊ लाखांच्या कर्जात गेलो. वसुलीवाले माझ्या बायकोच्या भावालाही शिव्या घालू लागले, तेव्हा ती मुलीला घेऊन साताऱ्याला माहेरी निघून गेली. तिला दोष देत नाही. पण घर खायला उठतं, ते उठतंच.

त्याच सुमारास आक्का दवाखान्याचं निमित्त काढून एकटीच मिरजेला आली. हातातल्या तीन तोळ्यांच्या पाटल्या काढून तिनं माझ्यापुढं ठेवल्या. "ह्यांना ठावं न्हाई. सवडीनं दे." बाजारातून तशाच दिसणाऱ्या खोट्या पाटल्या तिनं येतानाच घेतल्या होत्या. त्या माझ्यासमोर हातात चढवल्या आणि चहा न घेता एसटीला गेली. खऱ्या पाटल्या चार महिन्यांत हप्त्यांनी गिळल्या.

शेवटी वकील म्हणाले, नादारीचा अर्ज करा. कोर्टानं नादार ठरवलं की तगादा थांबतो, असेल नसेल ते सगळ्या घेणेकऱ्यांत वाटलं जातं, माणसाला पुन्हा उभं राहता येतं. तोवर अनोळखी फोन उचलू नका. घेणेकऱ्यांची यादी मात्र शपथेवर द्यायची, एकही नाव गाळायचं नाही.

मी पहिलं नाव आक्काचं लिहिलं. वर नाव असलं की तिचे पैसे आधी मिळतील, असा माझा अडाणी समज. शिवाय त्या यादीत माझं असं एकच माणूस होतं, ते फायनान्स कंपन्यांच्या खाली कसं लिहायचं? हजारो लोकांचे फॉर्म मी भरून दिले होते. फॉर्मवर पत्ता लिहिला की तिथं टपाल जातं, हे नेमकं माझ्या फॉर्मला विसरलो.

कोर्टाची नोटीस शिराळ्यात दाजींच्या हातात पडली. दाजी म्हणजे आक्काचे मालक, नाथाजी कदम, सैन्यातून निवृत्त झालेले. तारखेला ते आक्काला घेऊन सांगलीच्या कोर्टात आले.

पुकारा झाला. यांच्याकडून तुमचं किती येणं आहे, असं जज्जसाहेबांनी आक्काला विचारलं. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी ह्याला कायबी दिलेलं न्हाई, सायेब."

फायनान्स कंपनीचा वकील लगेच उठला. बहिणीचं खोटं नाव घुसवून बाकीच्यांचा वाटा कमी करायचा हा डाव आहे, म्हणाला. साहेबांनी मला विचारलं, नोंद खरी की खोटी? पाटल्या मोडल्याची सराफाची पावती माझ्या पिशवीत होती. माझे वकील मागून कुजबुजले, "पावती दाखवा, नाहीतर अर्ज गेला." समोर दाजी आक्काच्या पदराकडे टक लावून बघत होते.

"खोटी हाय, सायेब," मी म्हणालो. "मीच घातली."

अर्ज फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात दाजी जवळ आले. त्यांचा चेहरा निवळला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मागायचं हुतंस की गड्या. चोरून नाव कशाला लिवायचं?" त्या चांगुलपणानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्का त्यांच्यामागून पायऱ्या उतरली. तिनं एकदा वळून बघावं असं मला फार वाटलं. तिनं बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी नागपंचमी आली. मी आमटी-भात केला, ताट वाढलं आणि फोन पुढ्यात घेऊन बसलो. स्वतःच्या फोनवरून करायची चोरी असेल तर ती शेजारणीच्या फोनवरून करेल, म्हणून त्या दिवशी अनोळखी नंबरसुद्धा सोडायचा नाही असं ठरवलं. सकाळी नऊला पहिला फोन आला. वसुलीवाला. दुपारपर्यंत अकरा झाले. सगळ्यांना भरतो म्हणालो. बाराव्या पोराला मीच विचारलं, "जेवलास का?" तो हप्त्याचंच बोलत राहिला.

आक्काचा फोन आला नाही. तिनं यंदा उपास धरला की नाही, कुणाला विचारणार? आणि धरला असेल, तर ती अजून उपाशी असेल.

दिवेलागणीला मी गार भाताचे दोन घास खाल्ले. खोलीत कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणालो, "आक्का, जेवलो मी. सोड आता."