म्होरके जाऊ द्यायचे असतात

माझा भाऊ झेफिरीन मरायला टेकला होता आणि त्याला कॅरिबूचं, म्हणजे आमच्या उत्तरेकडच्या रानहरणाचं, सूप हवं होतं. दुसरं काही नको. दुकानातली कोंबडी पुढ्यात ठेवली की म्हणायचा, "हिला कधी चालताना पाहिलंय का कुणी? जी चाललीच नाही ती खायची कशी?" नर्सबाईनं जेली आणली की भिंतीकडे तोंड करायचा. जित्याची खोड, दुसरं काय!

गेल्या वर्षी कळप आमच्या बाजूला फिरकलेच नव्हते. घरोघरचे फ्रीझर रिकामे, त्यामुळे सगळ्या गावाचे डोळे यंदा उताराकडे लागलेले. उतार म्हणजे तळं जिथं चिंचोळं होतं आणि कॅरिबू पोहून पलीकडे जातात, ती जागा. तिथल्या टेकडीवर बसून 'आता' म्हणायचं काम झेफिरीननं जन्मभर केलं. तो 'आता' म्हणेपर्यंत कुणी बंदूक उचलायची नाही. म्होरके आधी पाण्यात उतरतात, त्यांना जाऊ द्यायचं. ते सुखरूप गेले की मागचे त्यांच्या वासावर येतात. त्यांनाच मारलं तर मागचा कळप वाट सोडतो, आणि पुन्हा कधी धरेल याचा नेम नाही. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या नवऱ्यानं एकदा घाई केली, तर झेफिरीननं त्याची बंदूक हिसकून तळ्यात फेकून दिली होती. दोघं मेहुणे पुढचा अख्खा हिवाळा एकमेकांशी बोलले नाहीत आणि निरोपांची ने-आण करून माझा जीव मेटाकुटीला आला.

यंदा त्याच्यानं टेकडी चढवेना. म्हणाला, "फिलोमेन, तू बस. पोरांना धीर नाही. तू हट्टी आहेस, तेवढं पुरे."

त्याचा मुलगा नोएल मला होडीतून सोडून, बोलायचा रेडिओ हातात देऊन गेला. जाताना म्हणाला, "आत्या, दिसले की रेडिओवर सांग. आणि जेवत जा वेळेवर."

एके काळी या टेकडीखाली तंबूंची गर्दी असायची. बायकांची भांडणं, कुत्र्यांचा कालवा, वाळत घातलेलं मांस. आता तंबूंच्या कडेला लावलेले दगड तेवढे गोल करून बसलेत, मधे गवत. ज्यांचे ते तंबू होते ती माझी माणसं, नवरा धरून, बहुतेक सगळी चर्चमागच्या कुंपणात मातीआड गेली. टेकडीवर मी आणि एक डोमकावळा. तो बोलायचा, पण फक्त स्वतःबद्दल. मी दिवसभर नवऱ्याशी मनातल्या मनात बोलायची आणि चहा करताना चुकून दोन कप काढायची. खोटं कशाला सांगू, मला तिथं फार एकटं वाटलं.

एका दुपारी ते आले. छोटीशी टोळी, पुढे एक म्हातारी मादी. पाण्याशी येऊन थांबली, नाक वर करून वास घेऊ लागली. इतकी जवळ, की तिच्या कानाचा फाटका कोपरासुद्धा मला दिसत होता. बंदूक मांडीवर होती. एक गोळी, की संध्याकाळी झेफिरीनच्या तोंडात सूप. एकच तर! मी मागे माळावर नजर टाकली. माळ रिकामा. मागून कुणी आलंच नाही तर? हेच शेवटचे असले तर? माझा हात बंदुकीवर गेला आणि मला रडू फुटलं. बघणारं कुणी नव्हतं, म्हणून भोकाड पसरून रडले.

म्हातारी पाण्यात उतरली. मी बंदूक खाली ठेवली. सगळे पोहत गेले, पलीकडे अंग झाडलं आणि निघून गेले.

रेडिओवर नोएलला म्हटलं, "म्होरके गेले. अजून गावातलं कुणी इकडे यायचं नाही."

तो म्हणाला, "आणि बाबांना काय सांगू?"

"मी सांगते."

नोएल येऊन माझ्या जागी बसला आणि मी त्याची होडी घेऊन गावात आले. मनात होतं, झेफिरीन खूश होईल. निदान मान तरी हलवील.

"दिसले?"

"दिसले. जाऊ दिले."

"बंदूक नव्हती जवळ?"

"होती की."

"मग नेम चुकला?"

"चुकेल कसा? मारलंच नाही. दादा, तूच तर जन्मभर..."

"मी मरतोय गं, फिलोमेन! एक मारायचं होतंस."

मलाही राग आला. "माझ्या नवऱ्याची बंदूक तळ्यात कुणी फेकली रे?"

"तेव्हा माझं पोट भरलेलं होतं," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

"मागचे येतील, दादा."

"येतील. माझ्यासाठी नाही येणार."

नंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी पाय चेपले, ओठांना पाणी लावलं, ते त्यानं करू दिलं. तसाच गेला, भिंतीकडे तोंड करून.

त्याच्यासाठी खड्डा खणत होते त्या दिवशी कळप आला. माळ हलतोय असं वाटावं इतका. टेकडीवरून नोएल 'आता' म्हणाला. घरोघर मांस पोचलं, आणि पुरल्यानंतरच्या जेवणाला मोठ्या पातेल्यात सूप उकळलं. जो तो माझ्यापाशी येऊन म्हणे, "बहीण शोभतेस खरी! तुझ्यामुळे भाऊ सुखानं गेला असेल." मी मान हलवत होते. त्या खोलीत काय झालं ते सांगून मेलेल्या माणसाचं नाव कशाला घालवायचं? आणि तो तरी काय चुकीचं बोलला होता? भूकच लागली होती त्याला.

आमच्यात जेवणाआधी गेलेल्याचा वाटा विस्तवात घालतात. तो मान माझा होता. मी वाडगाभर सूप घेतलं, त्यात कॅरिबूच्या जिभेचा चांगला तुकडा घातला आणि आगीपाशी गेले. माझे ओठ हलताना पाहून लोकांनी टोप्या काढल्या. त्यांना वाटलं, प्रार्थना चाललीय. मी भांडत होते. म्हटलं, घे, गीळ एकदाचं. चूक तुझी की माझी, ते सांग. आणि ऐक, पुन्हा वेळ आली तरी मी बंदूक खालीच ठेवीन.

सूप चरचरलं आणि संपलं. त्यानं काहीतरी उलट बोलावं म्हणून मी उभी राहिले, लोक भुकेले ताटकळले तरी उभी राहिले, मग नोएलनं हळूच येऊन माझ्या हातातला वाडगा काढून घेतला.