फुलाला पाठ-पोट नसतं

सियामकने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही भर बैठकीत, चहा पिता पिता.

गोलनारला मागणी घालायला तो आईवडिलांना घेऊन तिच्या घरी गेला त्या दिवशी तेहरान नुसतं भाजत होतं. वीज गेलेली, पंखा बंद, चहा मात्र उकळता. काहीतरी गोड बोलावं म्हणून तो तिच्या वडिलांना म्हणाला, "जमशीदआगा, काय हा उकाडा! एकदा सेवेची संधी द्या. शहराबाहेर ते वॉटरपार्क झालंय ना, तिकडे आपल्याला नेतो."

असं म्हणायचं असतं. ऐकणाऱ्याने नको म्हणायचं असतं. जमशीदआगा म्हणाले, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास?" सियामकने पुन्हा आग्रह केला, त्यांनी पुन्हा नको म्हटलं. इथे तरी शहाण्याने गप्प बसावं की नाही! पण आईने डोळे वटारले, आग्रह म्हणजे कसा मनापासून हवा, आणि या दिवट्याने तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं की ते खरं. आता नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान. जमशीदआगा कसंनुसं हसले आणि म्हणाले, "एवढं म्हणताय तर येतो."

बरं, हा सियामक काही शूरवीर होता का? चष्म्याचं दुकान होतं त्याचं. वरच्या फळीवरची फ्रेम काढायची झाली तर शेजारच्या शिंप्याला हाक मारायचा. तिसऱ्या पायरीवर त्याला घेरी यायची.

शुक्रवारी सकाळी गोलनारचा फोन आला. "नीट ऐक. दोनच गोष्टी. एक, बाबांना भित्रा माणूस खपत नाही. ते म्हणे तरुणपणी वादळात कॅस्पियन समुद्रात पोहलेत. निदान सांगतात तरी तसं."

"आणि दुसरी?"

"त्यांच्या पुढे पाऊल टाकू नकोस. मागच्या वर्षी एक दातांचा डॉक्टर आला होता. सोन्यासारखं स्थळ. दारातून बाबांच्या आधी आत शिरला. झालं! चहासुद्धा मिळाला नाही बिचाऱ्याला."

"बरं."

"बरं काय? तुझं फिसकटलं तर पुढच्या शुक्रवारी तो विमावाला येणार आहे, जेवताना मचमच आवाज करणारा. मला तू हवा आहेस, गाढवा. आता जा आणि घोळ घालू नकोस."

गाडीत बसण्यावरूनच अर्धा तास गेला. जमशीदआगा मेव्हण्याला म्हणाले, तुम्ही पुढे बसा. मेव्हणा, म्हणजे गोलनारचा फर्रुखमामा, म्हणाला, माझी काय लायकी, तुम्ही बसा. शेवटी मामाचं पोट मागच्या सीटवर मावेना म्हणून तो पुढे बसला आणि जमशीदआगा मांडीवर कलिंगड घेऊन मागे.  होणाऱ्या सासऱ्यांकडे पाठ करून गाडी चालवायची! दर सिग्नलला तो मान वळवून म्हणे, "आगा, माफ करा, माझी पाठ होतेय आपल्याकडे." आणि जमशीदआगा रीतीप्रमाणे उत्तर देत, "फुलाला पाठ-पोट नसतं." म्हणजे तुम्ही फूल, कुठूनही बघितलं तरी छानच. अकरा सिग्नल झाले. अकरा वेळा माफी, अकरा वेळा फूल. मामा सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. तो म्हणाला, "या फुलाने समोर बघितलं तर आपण जिवंत पोहोचू."

त्या दिवशी वॉटरपार्कमध्ये पुरुषांचा वार होता, बायकांचा वेगळा. सगळं तेहरान डोक्याला रबरी टोप्या लावून पाण्यात बसलं होतं. जमशीदआगांनी उथळ पाण्याच्या काठावर पाय सोडले आणि म्हणाले, "छान आहे. थंड आहे. आता कलिंगड कापू या." सियामक सुरी आणायला असा धावला की विचारू नका. दोघांचं किती एकमत होतं!

पण मामा होता ना. "अहो, पाय बुडवायला एवढे लांब आलोय का? घरी बादली नव्हती? चला, अजगरावर चला!"

अजगर म्हणजे आठ मजले उंच, हिरवी, वेटोळी घसरगुंडी. टायरसारखी रबरी नाव, त्यात पुढे एक, मागे एक अशी दोन माणसं. वरून सोडली की थेट खालच्या तलावात. सियामकच्या तोंडचं पाणी पळालं. पण गोलनारची पहिली अट आठवून तो म्हणाला, "वा! चला की!" जमशीदआगा एवढंच म्हणाले, "चला." आवाज जरा बारीक आला.

जिना चढायला पाऊण तास लागला. दर मजल्याला सियामक म्हणे, "आपण पुढे व्हा." जमशीदआगा म्हणत, "छे, आधी तुम्ही." आणि दोघेही आपापल्या जागी खुशाल उभे राहत. मामा मागून ओरडे, "अहो, सरका! माझ्या टोपीत घाम साचला!"

वर पोहोचल्यावर खरी गंमत झाली. मिशाळ शिट्टीवाल्याने नाव पुढे सरकवली आणि म्हणाला, "बसा."

आता पुढे कोणी बसायचं? सियामक पुढे बसला तर वडीलधाऱ्याच्या आधी गेला, वर त्यांच्याकडे पाठही केली. मग दातांच्या डॉक्टरासारखी गत. मागे बसला तर म्हाताऱ्याला संकटात पुढे ढकलणारा भित्रा ठरला. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधोमध आठ मजले!

"आगा, पुढची जागा आपल्यालाच शोभते."

"अहो, तुमच्यासारख्या तरुणाच्या पुढे मी कसा बसू?"

"आपल्यापुढे बसण्याची माझी योग्यता नाही."

"माझी तर मागे बसण्याचीसुद्धा नाही. मी जिन्यानेच खाली जातो, सगळी जागा तुम्ही घ्या."

"आपण जिन्याने आणि मी घसरगुंडीने? शक्य नाही! मीही जिन्यानेच येतो."

रांग पार खालच्या सँडविचच्या टपरीपर्यंत गेली. रांगेतला एक मास्तर म्हणाला, वडीलधाऱ्यांनीच पुढे बसावं. दुसरा म्हणाला, वा रे वा, तरुणाने आधी धोका पत्करावा. त्या दोघांत जुंपली. मामा म्हणाला, "तुमच्या मानपानात माझी दाढी वाढली रे! कुणीतरी बसा, नाहीतर मी दोघांना ढकलतो!"

तेवढ्यात सियामकची नजर खाली गेली. जमशीदआगांनी हाताने कठडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. सियामकच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाने कॅस्पियन समुद्र फार तर फोटोत पाहिला असेल! आणि त्याला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. आपल्याइतकाच घाबरलेला माणूस, आणि तीनदा विचारून त्याला इथवर आणलं कोणी? आपणच!

तो झटकन नावेत बसला. पुढच्या जागी, पण उलटा. घसरगुंडीकडे पाठ आणि जमशीदआगांकडे तोंड. "आगा, या. आपल्याकडे पाठ करायला नको आणि आपल्याला पुढे बसायला नको. माझे हात धरा."

शिट्टीवाला खेकसला, "उलटं बसायची परवानगी नाही!"

"भाऊ, हे माझे होणारे सासरे आहेत."

शिट्टीवाल्याने एकदा जमशीदआगांकडे पाहिलं, एकदा सियामककडे. त्याचंही लग्न झालेलं असावं. "मग काय इलाज! बसा," तो म्हणाला आणि नाव ढकलून दिली.

सियामकला आपण कुठे चाललोय ते दिसतच नव्हतं, त्यामुळे भ्यायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. दिसत होतं ते फक्त जमशीदआगांचं तोंड, आणि ते कानापासून कानापर्यंत उघडं होतं. "आई गं! आई! मेलो! अगं आई!" पहिल्याच वळणावर त्यांनी हात सोडले आणि सियामकचे दोन्ही कान धरले. आठही मजले कान धरूनच उतरले.

धप्प! एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

अख्खा तलाव त्यांच्याकडे बघत होता. मागोमाग मामा येऊन आदळला आणि नाकातोंडातलं पाणी काढत म्हणाला, "कोण बोंबलत होतं रे एवढं? वरपर्यंत ऐकू आलं!"

जमशीदआगा पाण्याकडे बघत होते. रबरी टोपी एका कानावर आलेली. सियामकला पहिली अट आठवली, गोलनार आठवली, मचमच करणारा विमावालाही आठवला.  पण तोंडून निघालं ते असं: "मीच, मामा. मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासूनच."

"तरीच!" मामा म्हणाला. "आईच्या नावाने ओरडत होतास की वासरासारखा!"

जमशीदआगा काहीच बोलले नाहीत. कलिंगड खातानाही नाही, कपडे बदलतानाही नाही. सियामकने मनातल्या मनात गोलनारचा निरोप घेतला. संपलं सगळं.

परतताना मामा पुन्हा पुढे, जमशीदआगा पुन्हा मागे. पहिल्या सिग्नलला सियामकने मान वळवली. "आगा, माफ करा, माझी पाठ होतेय आपल्याकडे."

उत्तर नाही. फूल नाही, काही नाही.

दुसऱ्या सिग्नलला पुन्हा तेच. जमशीदआगा खिडकीबाहेर बघत राहिले. तिसऱ्या सिग्नलला सियामकचा आवाज अगदीच रडवेला झाला. "आगा, माझी पाठ..."

"अरे, किती वेळा तेच तेच!" जमशीदआगा मागून गरजले. "घरच्या माणसाची पाठ कोण बघत बसतं? समोर बघून गाडी चालव!"

मामाच्या हातातली बी खाली पडली. सियामकला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कान तसेही अजून ठणकत होते.

"आणि त्या विमावाल्याला येऊ नका म्हणून कळवायचंय, मला आठवण कर," जमशीदआगा म्हणाले. मग जरा पुढे वाकून हळूच त्याच्या कानाशी आले. "आणि बाळा, यापुढे मला कुठे न्यायचं असलं तर एकदा विचार, दोनदा विचार. पण तिसऱ्यांदा विचारलंस तर याद राख."