चार वाजताचं गढूळ पाणी

ठकूच्या पीएच.डी.ची पाच वर्षं इंजिनाच्या धुरात गेली होती. धुरावर प्रकाश टाकायचा, तो किती विखुरतो ते मोजायचं आणि त्यावरून काजळी किती ते ठरवायचं. आता तिला धुरातून सुटून नदीकडे जायचं होतं. पाण्यावर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेत जागा निघाली होती, मुलाखत सोमवारी होती. पण इंजिनवालीला तिथं कोण विचारणार? म्हणून तिनं धूर मोजायचं तेच यंत्र पुलाखाली, पाण्यात बसवलं. पाणी जितकं गढूळ, तितका आकडा मोठा. महिनाभराचा आलेख बघून ती हरखलीच. रोज दुपारी चारला आकडा उसळी घेत होता, आणि पलीकडच्या काठावर रंगाचा कारखाना! कारखाना चारला घाण सोडतो, असं तिनं अर्जात ठासून लिहिलं.

रविवारी जेवणानंतर तिनं हा आलेख बाबांना दाखवला. बाबा बस डेपोत वेळापत्रकं लावायचे.

“हा कारखाना रविवारीही चालतो का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही. का?”

“मग रविवारी चारला हे शिंगरू का उड्या मारतंय?”

ठकूनं आलेख पुन्हा जवळ ओढला. चारही रविवारी उसळी तशीच होती. तिनं लॅपटॉप उचलला, बाबांनी ऊन बघून छत्री घेतली, आणि पावणेचारला दोघं पुलाखाली पोचले.

पाणी नितळ होतं. चारच्या सुमारास सूर्य कलला, उन्हाची एक तिरीप पुलाखाली शिरली आणि नेमकी यंत्राच्या डोळ्यावर पडली. आकडा चढला.

“बाबा, छत्री धरा. माझ्यावर नको, पाण्यावर!”

“माशांना ऊन लागतंय वाटतं,” म्हणत बाबांनी छत्री धरली. आकडा धपकन खाली आला. छत्री बाजूला केली की वर, धरली की खाली.

ठकू कपाळाला हात लावून दगडावर बसली. यंत्र उन्हालाच गढूळपणा समजत होतं. प्रयोगशाळेत ते काळ्या पेटीत असायचं. ऊन नावाची गोष्ट तिनं पाच वर्षांत कधी हिशेबातच धरली नव्हती.

“आता गप्प बसलीस तर?” बाबांनी विचारलं.

“तर नोकरी मिळेलही. आणि कारखान्यावर नसता आळ येईल.”

सोमवारी समोर तिघं बसले होते. तिनं सुरुवात केली ती चुकीपासूनच. अर्जातला निष्कर्ष मागे घेतला, छत्रीचा प्रयोग सांगितला, मग नळीचा काळा तुकडा टेबलावर ठेवला. ही टोपी चढवली की ऊन आत जात नाही.

मधल्या संचालकबाईंनी चष्मा काढला. “तुमचा आलेख आम्ही तिघांनी पाहिला होता. रविवार एकाच्याही लक्षात आला नाही. कोणी पकडला?”

“बाबांनी. ते वेळापत्रकं लावतात.”

“त्यांनाही अर्ज करायला सांगा,” बाई हसल्या. “तुम्ही मात्र एक तारखेपासून या. आणि ही टोपी आमच्या यंत्रांनाही बसते का, ते आधी बघा. आमचेही आकडे दुपारी फार उड्या मारतात.”

बाहेर आल्यावर ठकूनं मोकळा श्वास घेतला आणि घरी फोन लावला.

“मिळाली, बाबा!”

“वा! बरं, माझी छत्री कुठंय?”

ती अजून पुलाखालीच होती.