जाहिरातीतलं पाणी

टँकरचा पाइप कोरड्या बोरिंगमध्ये सोडताना कमळाकरला हसूच आलं. वीस वर्षं तो शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचे हातपंप दुरुस्त करत होता. जमिनीतलं पाणी वर काढणं हा त्याचा धंदा. वरून खाली ओतण्याची पाळी पहिल्यांदाच आली होती.

किशोरशेठ जिल्हा परिषदेला अपक्ष उभे होते आणि त्यांना निशाणी मिळाली होती हातपंप. आता हातपंपाच्या जाहिरातीत पाणी नको? म्हसा रस्त्यालगतचा हा पंप दिसायला झकास, मागे डोंगर. पण दोन उन्हाळे ठणठणीत कोरडा. तो आटल्याचं कमळाकरनेच गावाला सांगितलं होतं. त्याने सांगितलं की कुणी उलट विचारत नसे. बाया मुकाट हंडे उचलून दुसरीकडे वळायच्या. वीस वर्षांत त्याने एवढंच कमावलं होतं.

जाहिरात करायला कल्याणहून दिशा नावाची मुलगी आली होती. तिने पंपाजवळचे निळे प्लास्टिकचे ड्रम हलवले, गाडीतून लखलखीत पितळी कळशी काढली आणि दांड्यावरचे कमळाकरचे हात बघून ती खूशच झाली.

"काका, तुम्हीच हापसा. चेहरा नाही घेत, फक्त हात."

उजव्या हाताचं एक बोट कधीकाळी पाइपखाली चेपून अर्धं झालेलं. कमळाकरने ते आत दुमडलं.

"राहू दे ना ते. खरं वाटतं."

"पन पानी टँकरचं हाय, पोरी."

"लोक पाणी बघतात, काका. कुठलं ते कोण विचारतो?"

निशाणीचं चित्रच तर आहे, असं मनाशी म्हणत त्याने हापसलं. भदाभदा पाणी आलं, उन्हात चमकलं, कळशी भरून वाहिली. खोटं कशाला बोला, कमळाकरलाही ते बघून बरं वाटलं.

आठवड्याने किन्हवलीकडच्या एका पाड्यावरून बोलावणं आलं. तिथल्या पंपाचं डोकं उतरवून त्याने आत खडा टाकला, कान लावला आणि नेहमीसारखं सांगितलं, "पानी नाय. आटलं."

जनी म्हातारी हंडा घेऊन पुढेच उभी होती. ती वळली नाही. नातीचा मोबाइल घेऊन तिने त्याच्यापुढे धरला. पितळी कळशी, भदाभदा पाणी आणि दांड्यावर अर्धं बोट.

"ह्यो हात तुजाच ना रे?"

"माजाच."

"म्हसा रोडची बोरिंग बी आटली बोललेलास. शेटची आली, आमचीच कशी नाय येत?"

"आजी, ते टँकरचं पानी. आमीच वरून ओतलेलं."

"आता काय बी सांगशील."

म्हातारी रागावली नव्हती, आणि तेच त्याला फार लागलं. रागावली असती तर त्यालाही चढ्या आवाजात बोलता आलं असतं. त्याने लांब दोरीला लोखंडी पाना बांधला, थेट तळाला टेकेपर्यंत खाली सोडला आणि दोरीचं टोक तिच्या हातात दिलं.

"तूच ओढ."

जनी ओढत राहिली. दम लागला तशी थांबली, पुन्हा ओढू लागली. पाना वर आला. तिने तो उलटसुलट केला, तळव्यावर घासला. तळव्याला नुसती माती लागली.

"कोरडाच हाय गो," ती मागे वळून म्हणाली आणि हंडा उचलून वाटेला लागली.

तिच्यामागची बाई मात्र जागची हलली नाही. तिने दोरीसाठी हात पुढे केला.

कमळाकरने पाना पुन्हा खाली सोडला.