गाडी पिते ते तीर्थ

निमगाव केतकीच्या बाजारात त्या दुपारी भाजीवाल्यांनीसुद्धा पाट्यांवर ओली पोती टाकून दिली होती. गिऱ्हाईकच नव्हतं. सगळं गिऱ्हाईक पटांगणाच्या वरच्या अंगाला, भगव्या मांडवापुढं, टाचा उंच करून उभं होतं. इंदापूरच्या रस्त्यानं एक पांढरी लांबलचक गाडी परत येताना दिसत होती, आणि तिच्या टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. जाताना सगळ्या गावादेखत तिला तीर्थ पाजलं होतं.

"आली रं, आली," कुणीतरी म्हणालं, आणि बायकांनी पदर सावरून हात जोडले.

गाडीतून गोकुळ उतरला. गाडी त्याचीच. घामानं डबडबलेला, पण चेहरा असा की जणू घरात नुकतंच बारसं झालंय. "जाऊन आलो," तो म्हणाला. "घाटातून उतरल्यागत पळती. एक हिसका न्हाय."

मांडवात गादीवर बसलेल्या इंधननाथ महाराजांनी डोळे मिटले. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती, कारण विचारलं की शिष्य डोळे वटारायचे. "माउली," महाराज म्हणाले, "इंजिन म्हंजे काय? जठराग्नी. पेट्रोल म्हंजे तामसी आहार. तामसी खाल्लं की भूक वाढती आन पळणं घटतं. सात्त्विक पाजा, वाहन आपुआप पळतं."

पिस्टनला सात्त्विक आहार लावणारा हा पहिलाच संत. पण हसलं कुणीच नाही.

गर्दीच्या मागच्या बाजूला गोकुळची बायको अनिता उभी होती. इंदापूरच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवते. नवऱ्याच्या हट्टापायी ती आली होती, आणि आल्यापासून तिचं डोकं तापलं होतं. उन्हानं थोडं, बाकीचं महाराजांनी.

गोकुळचं दुखणं तिला माहीत होतं. डाळिंबाला चांगला भाव आला त्या साली त्यानं ही गाडी घेतली. पेट्रोलवरही चालते, नुसत्या इथेनॉलवरही चालते. आपल्याच उसाच्या मळीतून निघालेल्या स्पिरिटवर आपली गाडी पळणार, याचा त्याला केवढा अभिमान. मग गावानं विचारायला सुरुवात केली, "काय ॲव्हरेज देती?" तिथं त्याची जीभ अडखळायची. पेट्रोलच्या एका टाकीत जिथवर जायचं, तिथवर इथेनॉलची टाकी पुरायचीच नाही. अनितानं कितीदा सांगितलं होतं, की इथेनॉलच्या लिटरात उष्णताच कमी असते, म्हणून लिटर जास्त लागतात. लिटर स्वस्त आहे, तेव्हा हिशेब किलोमीटरला किती पडलं याचा करा, लिटरला किती पळाली याचा नको. पण पारावर कोण किलोमीटरचा खर्च विचारतंय? तिथं ॲव्हरेज सांगायचं असतं. गोकुळ पार टाळायला लागला होता, आणि असा माणूस महाराजांच्या नजरेतून सुटत नाही.

महाराजांनी गाडी बघितली आणि गोकुळला मिठीच मारली. आबाजीनं आपली मोटारसायकल पुढं केली, तर तिची म्हणे राशी जुळेना. सोनबाच्या ट्रॅक्टरला साडेसाती निघाली. अख्ख्या निमगावात तीर्थ पचवायची पुण्याई एकट्या गोकुळच्या गाडीत होती. हे अनिताला खटकलं होतं, पण का खटकलं ते अजून नीट उमगलं नव्हतं.

आता तीर्थाचा दुसरा कुंभ भरायचा होता. शिष्यांनी बारवेवरून घागर भरून आणली, लोकांनी पाणी ओंजळीत घेऊन बघितलं, मग घागर पडद्याआड मंत्रायला गेली. पडद्याआड म्हणजे मांडवाला पाठ लावून उभ्या केलेल्या टेम्पोत. थोड्या वेळानं आतून काचेची मोठी बरणी बाहेर आली. तीर्थ नितळ. केवड्याचा वास एवढा की पुढच्या रांगेतले शिंकायला लागले.

"आन आता बघा," महाराज म्हणाले. त्यांनी कापराच्या दोन वड्या बरणीत सोडल्या. वड्या सरळ तळाला गेल्या, आणि बघता बघता विरघळून दिसेनाशा झाल्या. "बघा माउली, देवाचा कापूर तीर्थानं पोटात घेतला."

लोकांनी जयजयकार केला. अनिता मात्र बरणीच्या तळाकडं बघत राहिली. रोज देवापुढं कापूर लावणाऱ्या एवढ्या बायका समोर होत्या. पाण्यात पडला तर कापूर तरंगतो, विरघळत नाही, हे त्यांतल्या प्रत्येकीनं बघितलेलं. कापूर बुडतो आणि विरघळतो तो स्पिरिटात. बरणीत पाणी नव्हतंच. पंपावर मिळतं ते इथेनॉल होतं, पाण्यासारखंच दिसणारं. नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारसायकलची राशी म्हणून तर जुळली नव्हती. गोकुळच्या गाडीला रोजचंच जेवण वाढून वर पुण्य घेणं चाललं होतं.

तिला क्षणभर हसूच आलं. मग तिनं गर्दीत आपल्या लेकीला, सृष्टीला, शोधलं, आणि हसू जागच्या जागी विरलं.

सात वर्षांची सृष्टी मांडवाच्या तोंडाशी आजीपुढं उभी होती. पोर वर्षभर वाळत चालली होती. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, पुण्याच्या डॉक्टरांची औषधं चालू होती, आणि औषधं सावकाश लागू पडतात हे आजीला पटत नव्हतं. गोकुळच्या आईचा, रंगूबाईचा, जीव त्या पोरीत अडकलेला. तिच्या हातात तांब्या होता.

"महाराज," रंगूबाई म्हणत होती, "एवढ्याशा तीर्थात हत्तीएवढी गाडी इंदापूरला जाऊन येती. माझ्या नातीच्या अंगात चार पावलं चालायचं बळ न्हाय. तिला घोटभर पाजू का?"

अनिता लांबून महाराजांचा चेहरा बघत होती, आणि तिला तिथं एक गोष्ट दिसली. महाराज घाबरले होते. तीर्थ पिण्याचं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. नाही म्हणावं तर लोक विचारणार, का नाही? तीर्थ ना हे? महाराजांची जीभ ओठांवरून फिरली. त्यांनी एकदा बरणीकडं बघितलं, एकदा दक्षिणेच्या ताटाकडं.

"द्या की," महाराज म्हणाले. "लेकराला कशाला अडवायचं? एक घोट द्या."

शिष्यानं बरणी कलती केली आणि तांब्या भरला.

"आत्या," अनिता सासूच्या दिशेनं ओरडली. "आत्या, पाजू नका."

ढोल वाजायला लागला होता. ती गर्दीत घुसली. माणसं दगडासारखी उभी. एकानं दंड धरला, "बाई, बायकांची रांग तिकडं." तिनं हात झटकला. कुणाच्या पायावर पाय पडला, शिवी आली. पुढं गोकुळ आडवा आला आणि त्यानं तिचा हात धरला.

"अगं काय चाललंय तुझं? चारचौघांत शोभा करती व्हय?"

"ते पाणी न्हाय. तुमच्या गाडीतलं इथेनॉल हाय ते. त्यात मुद्दाम विष कालवलेलं असतं, कुणी पिऊ नये म्हणून. सोडा मला."

गोकुळनं सोडलं नाही. त्याला ऐकू आलं होतं, पण ते खरं मानलं तर इंदापूरला जाऊन आल्याचा सगळा मान मातीत जात होता. तेवढ्या एका क्षणात पलीकडं रंगूबाईनं नातीची हनुवटी उचलली आणि तांब्या तिच्या ओठांना लावला.

"आज्जी," सृष्टी कळवळली, "भाजतंय."

"तेज हाय ते," महाराज घाईनं म्हणाले. "गिळ बाळा, गिळ."

गोकुळचा हात आपोआप सुटला. अनिता झेपावली आणि तिनं तांब्या हिसकावला. "थुंक. थुंक आधी." सृष्टी थुंकली. आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी घेऊन चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली. तोवर भोवती आरडाओरडा उठला होता. तीर्थ विटाळलं, हिसकावलं, महाराजांचा अपमान केला. एका शिष्यानं बाह्या सरसावल्या.

"शंका हेच विष असतं माउली," महाराजांनी सूर लावला. "शिकलेल्या माणसाला लवकर बाधतं."

अनितानं तांब्या महाराजांपुढं धरला. "मग आधी तुम्ही घ्या. घोटभर. माझ्या लेकीला एवढं सांगत होता."

"आमचा उपास हाय."

गर्दीतून सोनबाचा आवाज आला. साडेसाती निघालेल्या ट्रॅक्टरचा मालक तो. "उपासाला तीर्थ चालत न्हाय व्हय महाराज? ही तर नवीनच रीत."

कुणी हसलं नाही, पण बाह्या सरसावलेला शिष्य थबकला.

अनितानं पूजेतलं ताम्हण उचललं. "ती बरणी लांब न्या," ती म्हणाली, "आणि पोरांना मागं घ्या." ताम्हण घेऊन ती मांडवाबाहेर उन्हात आली, ते जमिनीवर ठेवलं, त्यात तांब्यातलं थोडं ओतलं आणि उदबत्तीजवळून उचललेल्या काडेपेटीतली काडी पेटवून टाकली.

काहीच दिसलं नाही. ऊन रणरणतं होतं, ताम्हण चमकत होतं, आणि त्यात पाण्यासारखं पाणी.

"विझली," कुणीतरी म्हणालं. मग हशा उसळला.

"बघा," महाराजांचा आवाज परत चढला, "अग्निदेवसुद्धा तीर्थापुढं नमला."

महाराजांचा फोटो छापलेलं एक पत्रक अनिताच्या पायाशी पडलं होतं. तिनं ते उचललं आणि ताम्हणावर, मोकळ्या हवेत धरलं. महाराजांची दाढी आधी तपकिरी झाली, मग काळी, मग फोटोच्या मधोमध भोक पडलं आणि कागदानं पेट घेतला. तिनं तो टाकून दिला. हशा बंद पडला होता.

गोकुळ पुढं आला. त्यानं ताम्हणावर तळहात नेला आणि चटका बसल्यासारखा मागं ओढला. "जळतंय," तो म्हणाला. "दिसत न्हाय, पर जळतंय."

"स्पिरिटाचा जाळ निळा असतो, फिका," अनिता म्हणाली. "उन्हात दिसत न्हाय. तुमच्या इंजिनात हेच जळतं, म्हणून गाडी पळते. पाणी कधीच जळत न्हाय, मग ते बारवेतलं असो की गंगेतलं. बारवेतली घागर बघा, टेम्पोत तशीच भरलेली असंल. शेजारी कॅन असतील."

सोनबानं आणि आबाजीनं टेम्पोचा पडदा ओढला. घागर तशीच भरलेली होती. शेजारी कॅन होते, केवड्याच्या अत्तराच्या बाटल्या होत्या. एक शिष्य तोवर भाजीच्या पाट्या ओलांडून पसार झाला होता. महाराज गादीवरून उठले, पण उठून जाणार कुठं, चहूबाजूंनी गाव उभं.

सृष्टीला गोकुळनं आणि अनितानं त्याच गाडीतून इंदापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, डोळे तपासले, रक्त तपासलं. पोटात गेलं नव्हतं, ओठ तेवढे पोळले होते. "गिळलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो," ते म्हणाले. गोकुळ भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. मघाशी आपण बायकोचा हात धरून ठेवला होता, हे त्याला तिथं नीट दिसलं.

इकडं महाराजांना चौकीत आणलं होतं, हवालदार साक्षी लिहायला कागद घेऊन बसले होते, आणि मघाशी जयजयकार करणाऱ्यांना अचानक घरची कामं आठवली होती. आमी लांब व्हतो. आमाला काय दिसलं न्हाय. उगं साक्षीपुराव्याच्या भानगडीत कोण पडतंय? फसलो म्हणायची लाज फसवणाऱ्याला नसते, ती सगळी फसलेल्यांच्याच वाट्याला येते, आणि अशा बुवांचं पोट तिच्यावरच चालतं.

रंगूबाई बाकावर बसली होती. दवाखान्यातून पोर बरी असल्याचा फोन आला तरी ती हलली नव्हती. अनिता दवाखान्यातून आली तेव्हा तिनं सुनेकडं बघितलंच नाही.

"मी पाजलं असतं गं," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

अनिताला खोटा धीर देता आला असता. "व्हय आत्या," ती म्हणाली. "पाजलं असतंत. माया कमी नव्हती तुमची. विचारायचं तेवढं राहिलं."

रंगूबाई उठली आणि हवालदारांपुढं जाऊन उभी राहिली.

"लिवा," ती म्हणाली. "माझं नाव पैलं लिवा. नातीला जळणाचं तेल पाजणारी आजी मी हाय म्हणावं."

"आजी, तुमचं नाव कशाला? बदनामी हुईल तुमची."

"हुंदे. मी लपले तर त्यो उद्या सुटंल आन दुसऱ्या गावात मांडव टाकंल. तितं बी एखादी आजी असंल. तिला कुणी सांगायचं, की बये, आधी त्याला पी म्हणावं, मग लेकराच्या तोंडाला लाव?"

हवालदारांनी पेन उचललं. बाहेर पायरीवर घुटमळणाऱ्यांपैकी सोनबा आत आला आणि रंगूबाईच्या मागं रांगेत उभा राहिला. मग आबाजी आला.